गाडीचा चेसिस नंबर दिसत नाही? पंच मारण्याआधी हे वाचा

कोकणातल्या माझ्या मामेभावाच्या गाडीला पंधरा वर्षं झाली, म्हणून फॉर्म २५ भरून त्याने ती पुनर्नोंदणीला नेली. निरीक्षकांनी बॉनेट उघडायला सांगितलं. चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तिचा ओळख क्रमांक, असायला हवा त्या जागी गंजाचा पोपडा! सतरापैकी जेमतेम नऊ अक्षरं लागत होती. गाडी परत आली आणि गॅरेजवाल्याने लगेच तोडगा काढला, "आरसीवरचा नंबर बघून मी पंच करून देतो." म्हणजे तोच नंबर पत्र्यावर ठोकून नव्याने कोरायचा.

ते मात्र कधीही करू देऊ नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५(५) नुसार गाडीवर कोरलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर जुळला नाही, तर मालकाला नोटीस देऊन, त्याचं म्हणणं ऐकून आरटीओ नोंदणी रद्द करू शकतो. परस्पर मारलेला पंच चोरीच्या गाडीसारखाच दिसतो आणि पोलीस संशयावरून गाडी ताब्यात घेऊ शकतात. शिवाय पुसलेला नंबर न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन लावून पुन्हा उमटवता येण्याची शक्यता असते. वरून नवा पंच बसला की तोही पुरावा गेला.

आधी नीट शोधा. नंबर पुष्कळदा गेलेला नसतो, अंडरकोटिंग, रंग किंवा चिखलाखाली दडलेला असतो. जागा मॉडेलप्रमाणे बदलते: कुठे इंजिनमागच्या पत्र्यावर, कुठे पुढच्या सीटखाली मॅट उचलल्यावर, जीपसारख्या गाड्यांना फ्रेमवर. मालक-पुस्तिकेत ती दिलेली असते. रिव्हेटने बसवलेली कंपनीची पट्टी वेगळी. पेन्सिल प्रिंट (कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेला ठसा) पत्र्यावर कोरलेल्या नंबराचाच घेतात.

जागा सापडली की रॉकेलचा बोळा ठेवून गंज मऊ होऊ द्या आणि कापडाने पुसा. ग्राइंडर नको, सँडपेपरही नको. मग पातळ कागद घट्ट धरून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, कोरलेली अक्षरं पांढरी उमटतात. सतरा अक्षरी नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, त्यामुळे गोल आकार दिसला तर तो ओ नसून शून्य असण्याचीच शक्यता जास्त. आमच्याकडे याच पद्धतीने आणखी चार अक्षरं वाचता आली.

तरीही पूर्ण नंबर लागला नाही, तर ज्या आरटीओच्या नोंदीत गाडी आहे तिथे लेखी अर्ज करा. अर्ज आरसीवरच्या मालकानेच करायचा. जुनी गाडी घेऊन अजून नावावर केली नसेल, तर अर्जावर सही विकणाऱ्याची लागेल, म्हणून त्याला सोबत घ्या. मालक वारले असतील तर वारसांनी आधी फॉर्म ३१ ने नाव लावून घ्यावं.

कागदांमध्ये आरसी, विमा, पीयूसी, आधार आणि पॅन तर हवेतच. पण खरा जोर विक्रीच्या वेळच्या कागदांवर द्या: डीलरचं बिल, फॉर्म २१ चा विक्री दाखला, फॉर्म २२ चा कंपनीचा रस्त्यायोग्यता दाखला. या जुन्या कागदांवर चेसिस नंबर छापलेला असतो आणि गाडी तुमचीच असल्याचा याहून चांगला पुरावा नाही. ते हरवले असतील तर डीलरमार्फत कंपनीकडून नंबर पडताळणीचं पत्र मागवा. गंजलेल्या जागेचे जवळून आणि लांबून फोटो, नंबर कशामुळे गेला याचं प्रतिज्ञापत्र, कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्रही जोडा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या डिजिटल पोलीस पोर्टलवरून गाडी चोरीच्या नोंदीत नसल्याचा अहवाल काढून ठेवा. अपघातात किंवा कुणी मुद्दाम नंबर खरवडला असेल, तर पोलीस ठाण्यात तक्रार आधी, अर्ज नंतर.

अर्ज दोन प्रतींत न्या आणि एकीवर आवक शिक्का घ्या. रस्त्यात गाडी अडवली तर तोच कागद दाखवता येतो. निरीक्षक गाडी पाहून इंजिन नंबर आणि जुने कागद ताडून बघतात. पुन्हा पंचिंग लेखी परवानगी हातात आल्यावरच, आणि त्या पत्रात सांगितलं असेल त्याच ठिकाणी. शुल्क पावतीवरच भरा.

पंचिंग झाल्यावर नव्याने कोरलेल्या नंबराचा पेन्सिल प्रिंट काढून परवानगीच्या पत्रासोबत ठेवा, सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नोंद बघा आणि विमा कंपनीला पत्राची प्रत द्या. कोरलेल्या जागी पारदर्शक लॅकरचा पातळ हात मारा. समुद्राकाठी दर पावसाळ्याआधी तो पुन्हा मारावा लागतो.