जीवनसत्त्व ड आणि वृद्धांची हाडे

जीवनसत्त्व ड (बोलण्यात ‘व्हिटॅमिन डी’) हे मेदात विरघळणारे जीवनसत्त्व आहे, पण माणसाला ते मुख्यतः अन्नातून नव्हे, तर उन्हातून मिळते. सूर्यप्रकाशातील २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील-ब किरणांमुळे ते त्वचेत तयार होते. यकृत आणि मूत्रपिंडे त्याला क्रियाशील रूप देतात, तेव्हा आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जाते. ड कमी पडले की परावटू ग्रंथींचा (गळ्यातल्या, कॅल्शियमवर नियंत्रण ठेवणाऱ्या छोट्या ग्रंथींचा) स्राव वाढतो आणि रक्तातले कॅल्शियम राखण्यासाठी शरीर हाडांतला साठा काढू लागते.

सत्तरीतल्या त्वचेची ड तयार करण्याची क्षमता तरुणपणाच्या निम्म्याहूनही कमी झालेली असते. सावळ्या कातडीला त्यासाठी वेळही जास्त लागतो. तीव्र आणि दीर्घ कमतरतेमुळे लहान मुलांना मुडदूस होतो, तर मोठ्यांना अस्थिमृदुता, म्हणजे हाडे मऊ पडणे. तिच्यात कंबर आणि मांड्या दुखतात, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, जिना चढवत नाही. ‘आता वय झालं’ किंवा ‘वात आहे’ म्हणून घरोघरी या तक्रारी सोडून दिल्या जातात, हे फार वाईट आहे, कारण अस्थिमृदुता उपचारांनी बरी होते. ऑस्टिओपोरोसिस हा वेगळा विकार आहे. त्यात हाडाची घनता घटते, आणि डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीत) टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुणाच्या हाडांशी केलेल्या तुलनेचा आकडा, -२.५ किंवा त्याखाली आला की निदान होते. एकाच माणसात दोन्ही असू शकतात.

बडोद्याचे ऊन. बडोदा २२.३ उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. इथे बारा महिने पुरेसे ऊन असते, पण ते केव्हा घ्यायचे हे कळणे महत्त्वाचे. दांडिया बाजार, रावपुरा भागातले मराठी आजी-आजोबा पहाटेच कमाटीबागेत (१८७९ सालच्या सयाजीबागेत) फिरून येतात आणि कोवळ्या उन्हात ड मिळाले असे मानतात. सूर्य क्षितिजाजवळ असताना अतिनील-ब किरणांचा बराचसा भाग वातावरणातच शोषला जातो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचे ऊन उपयोगाचे, हा सोपा ठोकताळा आहे. बडोदा भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेला असल्याने इथली खरी मध्यान्ह घड्याळात साधारण साडेबारानंतर येते. मे महिन्यात साडेनऊलाच सावली आखूड होते, आणि पुढचे भर दुपारचे ऊन वृद्धांनी टाळलेलेच बरे. डिसेंबरअखेरीस मात्र भर दुपारीही सूर्य ४४ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणून थंडीत दुपारी बारा ते एकच्या सुमारास गच्चीवर बसावे. हात आणि पाय उघडे हवेत, अंगभर पदर किंवा शाल नको. काचेच्या बंद खिडकीतून अतिनील-ब किरण जवळजवळ येतच नाहीत. चौकाचे वाडे जाऊन फ्लॅट आले, तेव्हापासून घरबसल्या मिळणारे ऊन गेलेच आहे.

पहाटेचे फिरणे तरीही सोडू नये. शरीराचा भार पेलणाऱ्या हालचालीने हाडे टिकतात, स्नायू घट्ट राहतात आणि तोल सावरतो. प्रा. माणिकरावांनी नावारूपाला आणलेल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या शहराला हे निराळे सांगायला नको. खुब्याचे हाड मोडते ते बहुधा पडल्यामुळेच, त्यामुळे ओली मोरी, घसरती चटई आणि रात्रीचा अंधार यांचा बंदोबस्त गोळीइतकाच महत्त्वाचा आहे.

आहार आणि औषध. शाकाहारी जेवणात ड अत्यल्प असते. अंड्याचा बलक, तेलकट मासे आणि ड मिसळलेले दूध हेच मुख्य स्रोत. कॅल्शियम मात्र दूध, दही, नाचणी आणि तीळ यांतून मिळते. अमेरिकेतील शिफारशीनुसार सत्तरीपर्यंत रोज ६०० आणि त्यापुढे ८०० आंतरराष्ट्रीय एकके ड लागते. रक्तातील प्रमाण मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर कमतरता समजतात.

१९९२ साली फ्रान्समधील वृद्धाश्रमांतल्या ३,२७० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, रोज ८०० एकके ड आणि १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांची खुब्याची हाडे ४३ टक्के कमी मोडली. उलट २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत, कमतरता आहे की नाही हे न पाहता निवडलेल्या निरोगी लोकांना रोज २,००० एकके देऊनही अस्थिभंग कमी झाले नाहीत. म्हणजे ज्याला कमतरता आहे त्यालाच मोठा लाभ. २०१० च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात वर्षाला एकदाच ५,००,००० एकके दिलेल्या वृद्ध स्त्रिया अधिक पडल्या आणि त्यांची हाडेही अधिक मोडली.

भारतात ६०,००० एककांची पुडी आठवड्यातून एकदा, सहसा आठ आठवडे देतात. पुष्कळ घरांत ती चिठ्ठी वर्षानुवर्षे चालते, किंवा दोन डॉक्टरांकडून दुप्पट औषध सुरू राहते. मग रक्तात कॅल्शियम वाढून तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळलेपण आणि मूत्रपिंडांना इजा असा त्रास होतो. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पुडी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगणे आवश्यक आहे.