मेंदू बाईचा की पुरुषाचा? शहाद्याच्या एका चिठ्ठीचं उत्तर

व्याख्यान संपलं की मी चिठ्ठ्या मागवते. उभं राहून विचारायला मुलं लाजतात, चिठ्ठीत मनातलं लिहितात. यंदाच्या विज्ञान दिनाला शहाद्याजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मेंदूवर बोलले. शेवटी हातात आलेल्या चिठ्ठ्यांत एक चार घड्या घातलेली होती. "मॅडम, तृतीयपंथी माणसाचा मेंदू बाईचा असतो की पुरुषाचा? त्याची बुद्धी वेगळी असते का?" खाली नाव नव्हतं. सत्काराची वेळ झाली होती, मला दोन वाक्यांच्या वर बोलता आलं नाही. ती चिठ्ठी पर्समध्ये घेऊन घरी आले. लिहिणाऱ्याने किंवा लिहिणारीने ती कुणासाठी लिहिली असेल, हा विचार मनातून जात नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

शहाद्याच्या मुलांना या विषयाची सुरुवात पपईपासून सांगता येते. बांधावर उभं राहून कुठलाही शेतकरी सांगेल की पपईत दोन नाही, तीन जाती असतात. नराच्या झाडाला लांब देठांवर लोंबणारे फुलांचे घोस. मादीचं फूल खोडाला चिकटून, बुडाशी फुगीर, त्याचं फळ गोलसर. आणि उभयलिंगी झाडाचं फूल सडपातळ, आत पुंकेसरही आणि बीजांडकोशही, फळ लांबट. बाजारात चालतं ते हेच लांबट फळ. तैवान ७८६ लावणाऱ्याचा सगळा हिशोब या तिसऱ्या जातीवर असतो. पपईत एक्स आहे, वाय आहे, आणि त्या वायचाच किंचित वेगळा भाऊ आहे, तो आला की झाड उभयलिंगी होतं. गुणसूत्रांनी एवढं ठरवून दिल्यावरही काम संपत नाही. मे महिन्यात पारा चढला की याच उभयलिंगी फुलातला बीजांडकोश खुरटतो, फूल नरासारखं वागतं आणि झाडावर फळांच्या रांगेत मोकळी जागा पडते. कडाक्याच्या थंडीत उलट होतं, पुंकेसर बीजांडकोशाला चिकटतात आणि फळं वेडीवाकडी येतात. बी तेच, झाड तेच, फुलाची घडण मात्र हवेप्रमाणे बदलली.

माणूस म्हणजे पपई नव्हे, हे मलाही कळतं. पण "लिंग म्हणजे दोन डबे, गुणसूत्रांनी एकदा ठरवलं की विषय संपला" ही समजूत सैल व्हायला पपई पुरते.

आता माणसाकडे येऊ. एक्स-एक्स म्हणजे मुलगी, एक्स-वाय म्हणजे मुलगा, इथपर्यंत शाळेत झालेलं असतं. वाय गुणसूत्रावरचं नेमकं जनुक, एसआरवाय, १९९० साली सापडलं. गर्भ पाच-सहा आठवड्यांचा होईपर्यंत दोघांच्याही जननग्रंथी सारख्याच दिसतात. मग हे जनुक जागं झालं तर त्या ग्रंथीचं वृषण होतं, वृषणातून टेस्टोस्टेरॉन स्रवतं आणि पुढची घडण त्याच्या जोरावर चालते. या साखळीची कुठलीही कडी वेगळी वागू शकते. काही जणांत गुणसूत्रं एक्स-वाय असतात, टेस्टोस्टेरॉनही भरपूर असतं, पण पेशीवरचा ग्राहक रेणू ते ओळखत नाही, तेव्हा शरीर बाहेरून पूर्णपणे मुलीचं घडतं. कित्येकदा पाळी आली नाही म्हणून डॉक्टरकडे नेल्यावरच हे कळतं. दुसऱ्या एका अवस्थेत एक्स-एक्स मुलीच्या अधिवृक्क ग्रंथी गर्भातच जास्त पुरुषी संप्रेरक बनवतात. यात कुणाचं पाप नाही आणि गरोदरपणी पाहिलेलं ग्रहणही नाही.

बाह्य अवयवांची घडण गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत उरकते. मेंदूवर संप्रेरकांचा परिणाम मात्र त्यानंतरही होत राहतो. वेळा वेगळ्या असल्यामुळे शरीर एका दिशेने आणि मेंदूतला एखादा भाग दुसऱ्या दिशेने गेला असू शकेल, असं काही शास्त्रज्ञ मांडतात. हे गृहीतक आहे, पण डोक्यात ठेवण्यासारखं आहे.

मग बुद्धीचं काय? स्त्री-पुरुषांत सगळ्यात ठळक फरक दिसतो तो एका खास कसोटीत. १९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी लोकांना दहा ठोकळे जोडून केलेल्या आकृतींच्या जोड्या दाखवल्या आणि विचारलं, ही एकच वस्तू फिरवून ठेवली आहे की वेगळी? आकृती जितकी जास्त अंशांनी फिरवलेली, तितका उत्तराला वेळ जास्त, अगदी सरळ रेषेत. जणू माणूस मनातल्या मनात ती वस्तू हाताने फिरवत असतो. या कसोटीत पुरुषांची सरासरी बायकांपेक्षा वर असते, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडे याचं भाषांतर होतं ते असं. एका शाळेत पालकांना बोलावून मुलांच्या बोटांचे ठसे घेत होते. ठशांवरून मुलाचा मेंदू कुठल्या शाखेसाठी बनला आहे ते सांगणार, असा दावा. एका वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, पोरीस्ना डोकामा नकाशा बसत नही म्हंतस, खरं शे का?" त्यांच्या मुलीला सिव्हिलचा डिप्लोमा करायचा होता. ठशांवरून बुद्धी सांगता येते याला काडीचाही शास्त्रीय आधार नाही. ही फसवणूक आहे आणि ती शाळेच्या आवारात चालते याचा मला संताप येतो.

त्या वडिलांना मी जे सांगितलं तेच इथे सांगते. रस्त्यावरून जाणारा कुठलाही एक पुरुष आणि कुठलीही एक बाई, अशा शंभर जोड्या करा. उंची मोजली तर नव्वदेक जोड्यांत पुरुष उंच निघेल. आकृती फिरवण्याच्या कसोटीत मात्र शंभरातल्या पासष्टेक जोड्यांत पुरुष सरस आणि उरलेल्या पस्तीसेक जोड्यांत बाई सरस. हा सगळ्यात मोठा म्हणवला जाणारा फरक! बाकी बहुतेक क्षमतांत फरक याहूनही कमी. जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये मोठमोठे ४६ आढावे एकत्र तपासले, तेव्हा ७८ टक्के फरक नगण्य किंवा लहान निघाले. शब्द पटापट आठवण्यात, वाचनात मुलींची सरासरी थोडी वर असते. तुमची मुलगी त्या पस्तिसांतली आहे की नाही, हे सरासरीला विचारून कळत नाही, मुलीला ठोकळे दिले की कळतं.

आणि ही क्षमता शिकून वाढते. २००७ च्या एका प्रयोगात दहा तास वेगवान व्हिडिओ गेम खेळवल्यावर मुला-मुलींतलं अंतर बरंच कमी झालं. २०११ मध्ये ईशान्य भारतात सुमारे १३०० लोकांना एक चार तुकड्यांचं कोडं जुळवायला दिलं गेलं. वडिलांकडून वंश चालणाऱ्या कार्बी गावांत बायकांना पुरुषांपेक्षा स्पष्टपणे जास्त वेळ लागला. शेजारच्याच, आईकडून वंश आणि मालमत्ता चालणाऱ्या खासी गावांत हा फरक नाहीसा झाला. माझ्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या एक काकू आहेत. मीटरभर कापड अंथरून त्या पाठ, पुढचे दोन भाग, बाही, उरेब पट्टी असं सगळं मनात फिरवून, उलटं-सुलटं करून बसवतात आणि मगच कात्री लावतात. मुंढ्याचा गोलावा शेजारच्या तुकड्याच्या पोकळीत असा बसतो की चिंधी उरत नाही. शेपर्ड यांची कसोटी त्यांनी कधी पाहिलेली नाही, तिच्यात विचारलेलं काम मात्र त्या रोज करतात.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या भागाकडे येते. इथे थोडं सावकाश वाचा.

चेतापेशीला झाडासारख्या फांद्या असतात आणि फांद्यांवर सूक्ष्म अंकुर. एका पेशीचा निरोप दुसरीला बहुतेक या अंकुरांवरच मिळतो. मेंदूच्या एखाद्या भागात अंकुर दाट की विरळ, यात नर-मादीचा फरक असतो. हा फरक कसा घडतो ते उंदरांच्या जातीत फार बारकाईने शोधलं गेलं आहे. प्रजननवर्तनाशी संबंधित प्रीऑप्टिक भागात नराचे अंकुर मादीच्या दुपटीहून जास्त असतात. कारण काय? नर पिल्लाच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मेंदूत शिरतं आणि तिथे त्याचं इस्ट्राडिओल होतं. होय, ज्याला आपण बायकांचं संप्रेरक म्हणतो, तेच उंदराचा मेंदू नरासारखा घडवतं. इस्ट्राडिओलमुळे प्रोस्टाग्लँडिन बनतं आणि प्रोस्टाग्लँडिन अंकुर वाढवतं. प्रोस्टाग्लँडिन म्हणजे आपल्याला ताप आणि वेदना देणारं रसायन, ज्याला ॲस्पिरिन अडवतं. मार्गारेट मॅकार्थी यांच्या प्रयोगशाळेने मादी पिल्लांना हे रसायन दिलं, त्यांचे अंकुर नरासारखे दाट झाले. नर पिल्लांत ते अडवलं, त्यांचे विरळ राहिले. पण हे फक्त त्या एका भागात! शेजारच्याच हायपोथॅलॅमसच्या दुसऱ्या भागात प्रोस्टाग्लँडिनचा संबंध नाही, तिथे ग्लुटामेट नावाचा निरोप्या काम करतो. तिसऱ्या भागात चेतापेशींच्या मदतनीस पेशी मध्ये येतात.

ठिबक पाहिलेल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. विहीर एक, मोटर एक, पण केळीच्या प्रत्येक पट्ट्याला वेगळा कॉक. एका पट्ट्याचा कॉक पूर्ण उघडा, दुसऱ्याचा अर्धा, तिसऱ्याच्या नळीत कचरा अडकलेला. विहिरीला किती पाणी आहे यावरून कुठल्या पट्ट्याला किती मिळालं ते सांगता येत नाही. संप्रेरक म्हणजे विहीर, मेंदूचे भाग म्हणजे पट्टे.

शिवाय कॉक पुढेही फिरत राहतात. स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये मादी उंदराचे अंकुर तिच्या चार-पाच दिवसांच्या ऋतुचक्राप्रमाणे कमी-जास्त होतात. २००१ मध्ये ट्रेसी शोर्स यांनी उंदरांना थोडा वेळ ताण दिला आणि दुसऱ्या दिवशी मोजणी केली. नरांचे अंकुर वाढले होते, माद्यांचे घटले होते. ताणाआधी जे मादीचं लक्षण होतं, ते ताणानंतर नराचं झालं.

याच प्रयोगाने डाफ्ना जोएल या इस्रायली संशोधिकेला प्रश्न पडला की ताणाने एका भागाचा नर-मादीपणा उलटतो आणि दुसऱ्याचा उलटत नाही, तर अख्ख्या मेंदूला नर किंवा मादी म्हणायचं कशावरून? २०१५ मध्ये त्यांच्या गटाने १४०० हून जास्त माणसांचे एमआरआय तपासले. स्त्री-पुरुषांत सर्वांत जास्त फरक असलेले भाग निवडले. ते सगळेच्या सगळे भाग एकाच टोकाला, म्हणजे पूर्ण बायकी किंवा पूर्ण पुरुषी, असे मेंदू कुठल्याही माहितीसंचात ८ टक्क्यांच्या वर निघाले नाहीत. दोन्हीकडचे तुकडे एकत्र असलेले मेंदू कितीतरी जास्त. यावर आक्षेपही आले. सगळ्या भागांची बेरीज दिली तर संगणक मेंदू कुणाचा ते बऱ्याचदा बरोबर ओळखतो, हे खरं आहे. पण मेंदूवरून व्यक्तीचं लिंग ओळखणं वेगळं आणि लिंगावरून तिचा मेंदू सांगणं वेगळं. बोलीवरून माणूस खान्देशी आहे हे मी ओळखेन, पण खान्देशी आहे एवढ्यावरून त्याच्या घरी रात्री काय शिजलं ते मला सांगता येणार नाही.

चिठ्ठीच्या उत्तराला आता जागा झाली. जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झाली, पण स्वतःला स्त्री म्हणून जाणते अशी व्यक्ती, किंवा याच्या उलट, किंवा दोन्हींपलीकडची, अशा पारलिंगी व्यक्तींचा मेंदू तपासायचे प्रयत्न झाले आहेत. १९९५ मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासात पारलिंगी स्त्रियांच्या मेंदूतला एक छोटा भाग बायकांसारखा निघाला आणि "बाईचा मेंदू पुरुषाच्या शरीरात" अशा बातम्या जगभर गेल्या. पारलिंगी स्त्रियांचे मेंदू होते फक्त सहा. पुढे त्याच प्रयोगशाळेने दाखवलं की त्या भागातला फरक मुळात प्रौढपणीच दिसू लागतो, म्हणजे लहानपणापासूनच्या जाणिवेचं कारण तोच, असं म्हणणं कठीण. २०२१ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी ८०३ जणांचे एमआरआय एकत्र केले. पारलिंगी व्यक्तींचे मेंदू स्त्रीकडून पुरुषाकडे जाणाऱ्या रेषेवर कुठेतरी मध्ये बसले नाहीत, त्यांची घडण आपापल्या तऱ्हेची निघाली. म्हणून "बाईचा की पुरुषाचा" याचं उत्तर आहे, त्या माणसाचा स्वतःचा. बुद्धी कमी-जास्त असण्याचा तर यात कुठे संबंधच येत नाही.

एक दुवा मात्र पक्का आहे आणि तो आपल्या गावांत कुणी सांगत नाही. २०२० मध्ये सुमारे ६ लाख ४० हजार लोकांची माहिती तपासली गेली, त्यात लिंगभावाने वेगळ्या असलेल्या लोकांत स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, निदान इतरांपेक्षा तीन ते सहा पट आढळलं. बहुतेक पारलिंगी लोक स्वमग्न नसतात आणि बहुतेक स्वमग्न लोक पारलिंगी नसतात, हेही तितकंच खरं. पण ज्या मुलाला गोंगाट सोसत नाही, चारचौघांत काय बोलायचं कळत नाही आणि आपण मुलगा नाही असंही वाटतं, त्याला दोन्हींची मदत लागते. एकाच्या नावाखाली दुसरं झाकून चालत नाही. अशा पोराला बाहेरची बाधा म्हणून भगताकडे नेतात, अंगारे, उपास, कधी मारही. मारहाण करून भूत उतरवणं २०१३ पासून महाराष्ट्रात गुन्हा आहे. औषधाने "सरळ" करून देतो म्हणणारा डॉक्टर भेटला तरी सांगा, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असल्या उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

चिठ्ठीवाल्या मुला, किंवा मुली, आपल्याच खान्देशातलं, जळगाव जिल्ह्यातलं भादली बुद्रुक तुला माहीत असेल. तिथे अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीला स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला, तो तृतीयपंथी म्हणून फेटाळला गेला. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला. त्यासाठी मेंदूचा कुठला फोटो लागला नाही. आपण आयुष्यभरासाठी स्त्री ही ओळख स्वीकारली आहे, हे त्यांचं सांगणं पुरलं. त्या निवडून आल्या.