पाणी पळवले, तसे ढगही पळवले?

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यात आमच्या शेताला लागून ज्यांची वस्ती आहे, ते आण्णा गेली काही वर्षे एक गोष्ट ठामपणे सांगतात. आर्द्रा नक्षत्र निम्मे सरलेले असते, पश्चिमेकडून ढग भरून येतात, वारा थंडगार लागतो, आता पाऊस येणार असे वाटते. तेवढ्यात वरून विमान जाते आणि अर्ध्या तासात आभाळ मोकळे होते. "मास्तर, इमान आलं की ढग फाटतंय, ह्ये मी डोळ्यानं बघितलंय," असे ते म्हणतात. विमान कोणाचे आणि पाऊस नको आहे तो कोणाला, याची उत्तरे मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतात. कोणी पुढाऱ्यांचे नाव घेतो, कोणी वीटभट्टीवाल्यांचे, कोणी पीकविमा कंपन्यांचे आणि अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींमुळे कोणी थेट अमेरिकेतल्या अलास्काचे. मी सोलापुरात अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले, तेव्हा असे काही ऐकले की ती अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारण्याची माझी सवय होती. ती सवय चुकीची होती, असे मला आता वाटते.

आपल्या जिल्ह्यात 'पळवणे' हे क्रियापद पाण्याच्या संदर्भात रोजच्या वापरातले आहे. उजनी धरण जिल्ह्यातच आहे, त्याची साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट, आहे, आणि तरीही सोलापूर शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते. ते कोणत्या वारी आणि किती वाजता येणार यावर घरातली धुण्याची, पाहुण्यांची आणि झोपेची वेळ ठरते. २०२१ च्या उन्हाळ्यात उजनीतले ५ टीएमसी पाणी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्याकडे वळवण्याचा आदेश निघाला, ते पाणी म्हणजे उजनीत येणारे सांडपाणी आहे असे सांगण्यात आले, जिल्ह्यात आंदोलने झाली आणि अखेर तो आदेश मागे घ्यावा लागला. त्या निर्णयाची बाजू योग्य की अयोग्य, हा येथे मुद्दा नाही. मुद्दा एवढाच, की पाण्याबाबतचे निर्णय आपल्याला न विचारता कुठेतरी दूर होतात आणि ओरड केली तरच बदलतात, हा येथील माणसाचा अनुभव आहे. ज्याने धरणातले पाणी पळवले जाताना पाहिले, त्याला ढग पळवले जातात हे अशक्य का वाटावे?

त्यातही आण्णांनी पाहिलेले विमान भ्रमाचे नव्हते. २०१८ आणि २०१९ या दोन पावसाळ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने सोलापूर परिसरातील ढगांवर एक मोठा प्रयोग केला. 'कायपिक्स' या नावाने २००९ पासून चाललेल्या कार्यक्रमाचा तो चौथा टप्पा होता. सह्याद्री ओलांडताना बरीचशी बाष्प गमावलेले वारे आपल्याकडे येतात, म्हणून जिल्ह्याची वर्षाची सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास घुटमळते. पर्जन्यछायेतला हा प्रदेश म्हणूनच निवडला गेला. ढगाच्या तळाशी जाऊन विमानाच्या पंखांवरील नळकांड्या पेटवायच्या, त्यातून कॅल्शियम क्लोराइडचे सूक्ष्म कण सोडायचे, त्या कणांवर बाष्प लवकर जमून थेंब मोठे होतात का आणि पाऊस वाढतो का ते रडारने पाहायचे, अशी ही पद्धत होती. म्हणजे सरकारी विमाने आपल्या ढगांत खरोखर शिरली होती आणि त्यांनी तिथे रसायन सोडलेही होते. फक्त ती ढग पळवायला आलेली नव्हती. आपल्याकडे अशा प्रयोगांची माहिती सर्वांत आधी इंग्रजी नियतकालिकांत आणि सर्वांत शेवटी गावात पोहोचते. मधल्या काळात जी जागा रिकामी राहते, ती चित्रफीत भरून काढते.

या प्रयोगातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. निवडलेल्या २७६ ढगांपैकी २१३ ढगांत कण सोडले आणि ६३ ढगांत मुद्दाम काहीच सोडले नाही. कोणत्या ढगात सोडायचे आणि कोणत्यात नाही, हे वैमानिकाच्या किंवा शास्त्रज्ञाच्या पसंतीवर न सोपवता चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. असे का केले असावे? कारण शास्त्रज्ञांनाही स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा नव्हता. कण सोडले आणि पाऊस पडला, एवढ्यावरून कणांमुळे पाऊस पडला असे म्हणता येत नाही. तो ढग तसाही बरसलाच असता. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार वाऱ्याच्या दिशेने पुढे असलेल्या सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढला, काही ठिकाणी ही वाढ ४६ टक्क्यांपर्यंत गेली. न छेडलेले ६३ ढग नसते, तर या आकड्यांना काहीच अर्थ राहिला नसता.

आण्णांच्या निरीक्षणात नेमके हेच ६३ ढग नाहीत. पावसाळ्यातला कापसासारखा फुगणारा साधा ढग फार अल्पायुषी असतो. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा थंड होऊन तो तयार होतो, भोवतालची कोरडी हवा त्याच्यात मिसळत जाते, आणि खालून बाष्पाचा पुरवठा थांबला की वीस-तीस मिनिटांत तो विरून जातो. आपल्या भागात असे बहुतेक ढग न बरसताच विरतात, विमान असो वा नसो. नीट पाहायचे तर चार खाने मांडावे लागतील: विमान आले आणि ढग विरला, विमान आले आणि पाऊस पडला, विमान आले नाही, तरी ढग विरला, विमान आले नाही आणि पाऊस पडला. माणसाचे मन पहिलाच खाना लक्षात ठेवते. विमान गेल्यावर पाऊस पडला त्या दिवशी आपण पेरणीच्या गडबडीत असतो, आणि विमानाविना ढग विरला तर त्यात सांगण्यासारखे काही नसते. यात अडाणीपणाचा प्रश्न नाही. शिकलेल्या माणसांचेही, माझेही, मन असेच चालते. रंगीत ताईत घातल्यावर पास झालेल्या विद्यार्थ्याला नापास झालेले ताईतवाले आठवत नाहीत.

दुसरी कसोटी ऊर्जेची. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते दहा लाख लिटर पाणी होते. तेवढ्या पाण्याची पुन्हा वाफ करायची तर सुमारे सात लाख युनिट ऊर्जा लागते. आता १०० चौरस किलोमीटरवर, म्हणजे मोजक्या गावांच्या शिवारात, पडू पाहणारा १० मिलिमीटरचा पाऊस कोणाला उष्णतेने नाहीसा करायचा असेल, तर त्याला सुमारे ७० कोटी युनिट लागतील. सोलापूरजवळच्या एनटीपीसीच्या औष्णिक वीजकेंद्राची क्षमता १३२० मेगावॉट आहे. ते पूर्ण क्षमतेने अखंड बावीस दिवस चालले, तर एवढी वीज तयार होईल. एका छोट्या विमानात ती मावणार नाही. कण सोडून पाऊस वाढवणे थोडेफार साधते, ते ढगाने स्वतः गोळा केलेली ऊर्जा वापरून. मुळात ढग नसेल तर कणांना करण्यासारखे काही उरत नाही.

अलास्काचेही पाहू. तिथे गाकोना या ठिकाणी 'हार्प' नावाचे केंद्र आहे, त्यात १८० अँटेना आहेत आणि त्यांची एकूण शक्ती ३.६ मेगावॉट आहे. रेडिओ लहरींनी ते जमिनीपासून ८० किलोमीटरच्याही वर असलेल्या विद्युतभारित थराचा अभ्यास करते. आपले पावसाचे ढग त्याच्या कितीतरी खाली असतात. अमेरिकी लष्कराने ते उभारले आणि २०१५ मध्ये अलास्का विद्यापीठाकडे सोपवले. उंचावरून जाणाऱ्या जेट विमानांमागच्या पांढऱ्या रेघा म्हणजे इंजिनातून निघालेल्या बाष्पाचे गोठलेले कण असतात. गुप्तपणे रसायने फवारली जात असल्याचा काही पुरावा दिसतो का, असे २०१६ मध्ये या विषयातल्या ७७ तज्ज्ञांना विचारले गेले, तेव्हा ७६ जणांनी 'नाही' असे उत्तर दिले.

पण येथे थांबलो, तर मी अर्धेच खरे सांगितले असे होईल. १९६७ ते १९७२ या काळात अमेरिकेच्या विमानांनी व्हिएतनाम युद्धात शत्रूच्या रसद-वाटा चिखलात रुताव्यात म्हणून ढगांत कण सोडले होते, आणि ते वर्षानुवर्षे गुप्त ठेवले होते. 'ऑपरेशन पॉपाय' या नावाची ती मोहीम उघड झाल्यानंतर हवामानाचा शस्त्र म्हणून वापर करण्यास बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो १९७८ मध्ये अमलात आला. अमेरिकेतच टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी आरोग्यसेवेने उपचारांविना केवळ निरीक्षणाखाली ठेवले, पेनिसिलिन हे खात्रीचे औषध उपलब्ध झाल्यानंतरही. ही गोष्ट उघड झाल्यावर कृष्णवर्णीय पुरुष डॉक्टरांपासून दूर राहू लागले, आणि ४५ वर्षांच्या कृष्णवर्णीय पुरुषाचे अपेक्षित आयुर्मान त्यामुळे दीड वर्षापर्यंत घटले असावे, असा अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. २०११ मध्ये पाकिस्तानातील ॲबटाबाद येथे ओसामा बिन लादेनचा शोध घेण्यासाठी अमेरिकी गुप्तचर यंत्रणेने कावीळ-ब लसीकरणाची बनावट मोहीम चालवली. त्यानंतर त्या देशात पोलिओची लस पाजणाऱ्या बायांकडे हेर म्हणून पाहिले जाऊ लागले आणि लसीकरण घसरले. खोट्या कटावरचा विश्वास खऱ्या कटाच्या जमिनीतच उगवतो, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

सोलापूरलाही अशी जमीन आहे. ज्या वस्तीला आजही सेटलमेंट म्हणतात, तिथे काही जमातींना केवळ त्या जमातीत जन्मल्याबद्दल तारेच्या कुंपणात ठेवले जात होते आणि ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागत होती. त्याला आधार कायद्याचाच होता, १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याचा, आणि तो देशभर रद्द होण्यासाठी ३१ ऑगस्ट १९५२ हा दिवस उजाडावा लागला. त्या वस्तीतली एखादी आजी सरकारी माणसाने नाव, गाव, अंगठा मागितला की दाराआड जात असेल, तर तिला कटकारस्थानाचा भ्रम झाला आहे असे मी म्हणणार नाही. तिची आठवण शाबूत आहे. चार हुतात्मा चौकातून जाणाऱ्या कोणत्याही सोलापूरकराला मे १९३० मध्ये इंग्रजांनी शहरात लावलेला लष्करी कायदा आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघा सोलापूरकरांना दिलेली फाशी नव्याने सांगावी लागत नाही.

मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाची दुसरी बाजू तपासली आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या ३४८ जणांची पाहणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. एका कटावर विश्वास ठेवणारे इतर कटांवरही विश्वास ठेवतात, आणि असा विश्वास आपल्या नोकरीची शाश्वती नसलेल्या, इतर माणसांवर भरवसा नसलेल्या लोकांत अधिक आढळतो, असे तीत दिसले. २००८ मध्ये जेनिफर व्हिटसन आणि ॲडम गॅलिन्स्की यांनी असे दाखवले, की परिस्थितीवर आपला ताबा नाही अशी भावना जागवली तर माणसांना निरर्थक ठिपक्यांतही आकृत्या दिसू लागतात. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक आढळला नाही, म्हणून मी त्यावर फार भार टाकत नाही. मात्र लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्या बंद पडताना ज्यांनी पाहिल्या, भोंगा थांबल्यावर ज्यांच्या घरातल्या बायका विड्या वळून संसार चालवू लागल्या, त्यांना 'कोणीतरी ठरवून केले' हे वाक्य का धीर देते, ते समजायला प्रयोगाची गरज पडत नाही. बाजार, जुनी यंत्रे, व्यवस्थापन, धोरण अशा दहा कारणांनी रोजगार गेला म्हटले, तर रागवायचे कोणावर? एक शत्रू सापडला की दुःखाला निदान चेहरा तरी मिळतो.

मग खरा संशय आणि कटाची कल्पना यांत फरक कसा करायचा? माझ्या मते एकच प्रश्न उपयोगी पडतो: काय दिसले तर तुम्ही तुमचे मत बदलाल? उजनीच्या आदेशावर संशय घेणाऱ्याला आदेशाची प्रत, पाण्याचा हिशेब, कालव्याचा विसर्ग दाखवला, तर त्याचा संशय वाढेल किंवा मिटेल, पण त्याला उत्तर मिळेल. कटाच्या कल्पनेत मात्र पुरावा नसणे हाच तो दडवल्याचा पुरावा होतो, आणि खुलासा करणारा माणूस कटात सामील ठरतो. त्यात गुपित सांभाळणाऱ्यांची संख्याही कोणी मोजत नाही. डेव्हिड ग्राइम्स या संशोधकाने २०१६ मध्ये प्रत्यक्ष फुटलेल्या गुपितांवरून गणित मांडले, तेव्हा चंद्रावरची स्वारी खोटी असती तर गुंतलेल्या सुमारे ४ लाख ११ हजार माणसांमुळे ते गुपित चार वर्षांच्या आत फुटले असते, असे उत्तर आले. त्याची गृहीतके वादातीत नाहीत, पण गावातली साधी सोयरीकसुद्धा आठ दिवस गुप्त राहत नाही हे जाणणाऱ्यांना त्याचा रोख पटावा.

गेल्या पावसाळ्यात मी हा प्रश्न आण्णांना विचारला. ते बराच वेळ बांधावर गप्प बसले. मग त्यांनी नववीत शिकणाऱ्या नातीला हाक मारली आणि तिच्या वहीत चार खाने आखून घेतले. सव्वा महिन्यात तिने एकोणतीस नोंदी केल्या. विमान आले आणि ढग विरला, अशा सात होत्या. विमान नसतानाही ढग विरला, अशा सोळा. आण्णांनी वही दोनदा पाहिली. "आमच्या ध्येनात सातच ऱ्हायले व्हते," ते म्हणाले. पण त्यांचे समाधान झाले नव्हते. २०१८ आणि २०१९ या प्रयोगाच्या दोन वर्षांत आमच्या शिवारावर विमान कोणत्या तारखांना आले, कोणत्या ढगात काय सोडले, आणि त्याचा मातीवर किंवा विहिरीच्या पाण्यावर काही परिणाम तपासला का, हे त्यांना कागदावर हवे होते. मी त्यांच्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. शेवटची ओळ त्यांनी स्वतः सांगितली: उत्तर मराठीत द्यावे. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून नातीने तो अर्ज मंगळवेढ्याच्या टपाल कार्यालयातून रजिस्टर केला, आणि पावती चार खान्यांच्या त्याच वहीत चिकटवली.