फोलेटच्या तपासणीला येताना: आधी रक्त, मग गोळी

"एवढ्याशा तपासणीला शिरेतून दोन नळ्या कशाला? शुगरसारखं बोट टोचून घ्या ना!" आमच्या लॅबच्या काउंटरवर हे इतक्यांदा विचारलं जातं, की नीट लिहूनच द्यावं म्हटलं.

फोलेट म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व. ते रक्तात दोन ठिकाणी सापडतं: सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पिवळसर पाण्यात, आणि तांबड्या पेशींच्या आत. सीरम फोलेट अलीकडे पोटात काय गेलं ते सांगतं. तांबडी पेशी मात्र तयार होतानाच फोलेट साठवून घेते आणि सुमारे १२० दिवस जगते. म्हणून आरबीसी, म्हणजे तांबड्या पेशींतल्या, फोलेटवरून तीन-चार महिन्यांचा साठा कळतो. पहिल्यासाठी पिवळ्या झाकणाची नळी, दुसऱ्यासाठी जांभळ्या. दोन्ही मिळून चहाच्या चमच्याएवढं रक्त लागतं.

चिठ्ठीवर नुसतं 'फोलेट' लिहिलेलं असेल तर आम्ही सीरम करतो, बहुतेकांना तेवढं पुरतं. दिवस राहण्याआधी साठा पाहायचा असेल तर डॉक्टरांना आरबीसीबद्दल जरूर विचारा. बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूतले जन्मदोष टळावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली महिलांसाठी जी पातळी सुचवली, ती आरबीसी फोलेटचीच आहे: मिलिलिटरला ४०० नॅनोग्रॅम. (या जीवनसत्त्वाचा माग लागला तोही आपल्या मुंबईत. १९२८ पासून डॉ. लूसी विल्स इथल्या गिरणी कामगार गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर काम करत होत्या.)

आता मुख्य अडचण. सकाळी फोलिक ॲसिडची, म्हणजे फोलेटचीच, गोळी घेऊन लोक थेट इकडे येतात. गोळीनंतर तासा-दोन तासांत सीरममधलं फोलेट झपाट्यानं चढतं आणि रिपोर्ट उत्तम येतो. तो रिपोर्ट तुमच्या शरीराचा नसतो, त्या गोळीचा असतो. मग डॉक्टर पुन्हा पाठवतात, तुमची आणखी एक सकाळ जाते, वर पैसेही. नाश्ता करून आलात तरी आकडा हलतो. रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास उपाशी राहा, पाणी चालेल. गोळी बंद करू नका, गरोदर असाल तर मुळीच नाही. पर्समध्ये घेऊन या आणि रक्त दिल्यावर इथेच घ्या, पाणी आम्ही देऊ.

बोटाचं रक्त चालतच नाही असं नाही. मोठ्या पाहण्यांमध्ये कागदावर वाळवलेल्या थेंबांवरूनही फोलेट मोजतात, पण त्याची पद्धत वेगळी असते. आपल्याकडे बोट टोचलं की थेंब यावा म्हणून ते दाबलं जातं आणि पेशी फुटतात. पेशींच्या आत सीरमपेक्षा कितीतरी पट जास्त फोलेट असतं, त्यामुळे थोड्या पेशी फुटल्या तरी सीरमचा आकडा फुगतो. सेंट्रिफ्यूजमधून (नळी गरगर फिरवून थर वेगळे करणारं यंत्र) काढलेली नळी आम्ही उजेडाकडे धरून पाहतो. वरचा थर गवती पिवळा असेल तर पुढे जातो. गुलाबी झाक दिसली तर ते सॅम्पल आम्ही लावत नाही, नवीन घेतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

उन्हाउजेडात फोलेट नासतं. म्हणून घरून सॅम्पल घेताना आमच्या लॅबचा मुलगा नळी फॉइलमध्ये गुंडाळून बर्फाच्या डब्यातून आणतो. दुसरीकडे रक्त काढून नळी खिशात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून आणलेली असेल, तर ती आम्ही स्वीकारत नाही. यावरून कुणी रागावलं तरी आमचा नाइलाज आहे.

मेथोट्रेक्सेट (संधिवात, सोरायसिससाठी देतात ते औषध) चालू असेल किंवा केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर नाव लिहितानाच सांगा, मशीनचं वाचन त्यांनी बिघडू शकतं. शाकाहारी मंडळींनी बी-१२ ही सोबत करून घ्यावं, असं आम्ही आवर्जून सुचवतो. बी-१२ कमी असलं की फोलेट पेशींत टिकत नाही, सीरममध्ये मात्र ते ठीक दिसतं. बी-१२ची तपासणी त्याच पिवळ्या नळीतून होते, दुसऱ्यांदा टोचावं लागत नाही.

आरबीसी फोलेटचं सॅम्पल आम्ही बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवतो, त्यामुळे तो रिपोर्ट सीरमच्या नंतर मिळतो. घरून सॅम्पल द्यायचं असेल तर आदल्या संध्याकाळी कळवा.