पाण्यात प्रकाश मंदावतो, हे ठरायला दोनशे वर्षं लागली

ठाण्याच्या तलावपाळीवर मासुंद्याच्या पाण्यात वल्हं उतरलं, की ते पाण्याच्या रेषेवर मोडल्यासारखं दिसतं. दहावीच्या पुस्तकात याला प्रकाशाचे अपवर्तन म्हणतात. आधीच्या पिढीने तेच वक्रीभवन म्हणून पाठ केलं. किरण किती वळतो याचा नियम बगदादच्या इब्न साहलने 984 च्या सुमारास मांडला होता. हॉलंडच्या स्नेलला तो 1621 मध्ये स्वतंत्रपणे सापडला, छापला मात्र देकार्तने, 1637 मध्ये. शाळेत आपण फक्त स्नेलचं नाव शिकलो. इब्न साहलचंही शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

किती वळतो हे कळलं, पण का वळतो? खरा वाद इथे पेटला. देकार्तच्या मते दाट माध्यमात प्रकाश जास्त वेगाने जातो. न्यूटनही त्याच बाजूचा: पाणी प्रकाशाच्या कणांना आत ओढतं, म्हणून त्यांचा वेग वाढतो. फ्रेंच गणिती फर्माने 1662 मध्ये नेमकं उलट धरलं. पाण्यात प्रकाश मंदावतो आणि कमीत कमी वेळाची वाट पकडतो, असं मानून त्याने गणित केलं, तर नियम अगदी तोच निघाला! प्रकाशाला लहरी मानणाऱ्या हायगेन्सचा कौलही मंदावण्याकडेच होता. म्हणजे कोन कितीही बारकाईने मोजले तरी निकाल लागणार नव्हता. वेगच मोजायला हवा होता, आणि तोही सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणाऱ्या प्रकाशाचा, काही मीटर पाण्यात.

फ्रेंच शास्त्रज्ञ अरागोने 1838 मध्ये वेग मोजायला फिरत्या आरशाची युक्ती सुचवली, पण पुढे त्याची दृष्टीच अधू झाली. 1850 मध्ये पॅरिसला फूकोने तो प्रयोग केला. एक किरण हवेतून, दुसरा पाण्याच्या नळीतून, आणि दोन्ही परतून त्याच गरगरत्या आरशावर. पाण्यातल्या किरणाला उशीर झाला, तेवढ्यात आरसा थोडा जास्त फिरला आणि त्या किरणाची खूण जास्त सरकली. फर्मा बरोबर होता.

निर्वात पोकळीच्या तुलनेत प्रकाश किती पट मंदावतो, तो आकडा म्हणजे अपवर्तनांक. पाण्याचा 1.33, काचेचा दीडच्या आसपास, हिऱ्याचा 2.42. हिऱ्यात प्रकाशाचा वेग निम्म्याहूनही कमी होतो.

फोन-इंटरनेटचे संदेश प्रकाशातून नेणारी काचेची बारीक तार म्हणजे फायबर, आणि तिची सगळी करामत अपवर्तनांकातल्या फरकावर उभी आहे. काचेच्या गाभ्याभोवती किंचित कमी अपवर्तनांकाची काच असते, त्यामुळे तिरपा किरण बाहेर न सुटता आतच परततो. अडचण काचेतल्या अशुद्धीची होती. किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश उरला तरी फोनचं काम भागेल आणि तेवढी शुद्ध काच करता येईल, असं इंजिनिअर चार्ल्स काओने 1966 मध्ये दाखवलं. 1970 मध्ये कॉर्निंग या अमेरिकन काच-कंपनीने ती बनवली. आजच्या उत्तम फायबरमध्ये किलोमीटरनंतर सुमारे 95 टक्के प्रकाश शिल्लक असतो.

ऐरोली-महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये शिरणाऱ्या फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच धावतो, किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद. फूकोने नळीत पकडलेल्या उशिराचाच हा भाऊ, आणि तिथले इंजिनिअर तो आजही हिशेबात धरतात.