करपलेलं तेल, वाफारा आणि दमेकऱ्याची छाती

आमच्या घरी मिरचीची फोडणी पडायच्या आधी आई हाक मारायची, "खिडकीपाशी जा रे!" मला लहानपणापासून दमा. कढईतलं तेल जास्त तापून निळसर धूर निघाला, की बाकीच्यांना नुसता ठसका लागायचा. माझी मात्र छाती आवळायची आणि पंपाचे दोन झोत घेतल्याशिवाय धाप बसायची नाही.

मिरची होतीच, पण त्या करपट, डोळ्यांत घुसणाऱ्या धुरात आणखी एक दोषी असतो, ॲक्रोलिन नावाचा रेणू. तेल म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली मेदाम्लं. तेल फार तापलं की ग्लिसरीन सुटं होतं, त्यातून पाण्याचे दोन रेणू निघून जातात आणि ॲक्रोलिन उरतं. श्वासनलिकेतल्या चेतातंतूंवर ॲक्रोलिन ओळखणारी ग्राही प्रथिनं असतात. ती चेतवली गेली की खोकल्याची उबळ येते.

हे आठवायचं कारण म्हणजे माझा भाचा. कॉलेजात आहे, त्यालाही दमा आहे. परवा खिशातून पेन ड्राइव्हएवढी रंगीत कांडी काढून म्हणाला, "मामा, यात तंबाखू नाही. नुसता वाफारा आहे."

सर्दीत आपण पातेल्यावर टॉवेल घेऊन बसतो, त्या वाफाऱ्यात पाणी असतं. त्याच्या व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, कांडीत असतात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे दोन द्रव, आणि त्यांत मिसळलेले स्वाद व बहुतेक वेळा निकोटिन. बॅटरीवर तारेची गुंडाळी तापते, तिला लागून असलेल्या कापसाच्या वातीतला द्रव उडतो आणि थंड होताना त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात. पुष्कळसे थेंब एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, त्यामुळे ते अगदी बारीक श्वासनलिकांपर्यंत पोचतात. वात कोरडी पडली की तापमान एकदम चढतं आणि तोंडात जळकी चव येते. त्या झुरक्यात आमच्या कढईतलंच ॲक्रोलिन असतं, जोडीला फॉर्माल्डिहाइड आणि ॲसिटाल्डिहाइड. फरक एवढाच, की कढईपासून लांब पळता येतं. इथे धूर थेट छातीत ओढलेला असतो.

प्रॉपिलीन ग्लायकॉल आपण सगळ्यांनी पाहिलंय, नाटकात रंगमंचावर धुकं सोडतात ना, त्यात बऱ्याचदा तेच असतं. कॅनडात अशा धुक्यात काम करणाऱ्यांची तपासणी झाली होती. २००५ साली ती प्रसिद्ध झाली. धुक्याच्या जवळ वावरणाऱ्यांची फुप्फुसं लांबच्यांपेक्षा कमी क्षमतेनं चालत होती.

दम्यात श्वासनलिकेचं अस्तर कायम थोडं सुजलेलं असतं. अगदी बरं वाटत असतानाही. कसलंही निमित्त झालं, धूळ, गार वारा, उदबत्ती, की नळीभोवतीचे स्नायू आवळतात, सूज वाढते, चिकट कफ सुटतो. नळी अरुंद होण्याचा हिशोब फार क्रूर आहे. व्यास निम्मा झाला की हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, साधारण १६ पट होतो. म्हणून निरोगी मित्राला ज्या झुरक्यानं नुसतं खाकरावं लागतं, त्यानंच दमेकऱ्याची घरघर सुरू होऊ शकते.

हे मोजूनही पाहिलं गेलंय. २०१८ साली ग्रीसमधल्या संशोधकांनी ५४ धूम्रपान करणाऱ्यांना घेतलं, २७ निरोगी आणि २७ सौम्य दम्याचे. त्यांना एकदा द्रव आणि तार काढलेली रिकामी कांडी ओढायला दिली, एकदा खरी. रिकाम्या कांडीनं काही फरक पडला नाही. खरीनं दोन्ही गटांत श्वासमार्गातला अडथळा लगेच वाढला, आणि दमेकऱ्यांत जास्त वाढला.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती स्वादांची. आंबा, पुदिना, दालचिनी. "हे तर खाण्यातले स्वाद," असं मुलं म्हणतात, आणि ते खोटंही नाही. पण खाण्याला चालतं ते श्वासाला चालतं असं कुठे आहे? जठराला आम्लाची सवय, यकृत पुढे गाळायला बसलेलं. फुप्फुसातल्या वायुकोशाची भिंत एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. लोण्यासारखा वास देणारं डायॲसिटिल अमेरिकेत पॉपकॉर्नवर घालत. कारखान्यात त्याची वाफ हुंगणाऱ्या कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या बुजल्या. हार्वर्डच्या संशोधकांनी व्हेपचे ५१ स्वाद तपासले, तेव्हा ३९ मध्ये डायॲसिटिल सापडलं. दालचिनीचा वास देणाऱ्या सिनॅमाल्डिहाइडमुळे, प्रयोगशाळेतल्या पेशींवर का होईना, कफ वर ढकलणाऱ्या बारीक लवेची हालचाल मंदावलेली दिसली आहे. दमेकऱ्याच्या छातीत कफ आधीच जास्त. तो ढकलणारी लवच थकली तर जायचा कुठे?

२०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणारी तरुण मुलं धडाधड रुग्णालयात दाखल झाली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू. मुख्य संशयित ठरलं ते गांजाचा अर्क असलेल्या कांड्यांत मिसळलेलं ई जीवनसत्त्वाचं ॲसिटेट. गोळीत घेतलं तर निरुपद्रवी.

दुसरी बाजूही सांगायला हवी. विडी-सिगारेट ओढणाऱ्या दमेकऱ्यांवर स्टेरॉइडचा पंप कमी लागू पडतो. इटलीत कातानियाच्या डॉक्टरांनी २०१४ साली अशा १८ जणांची नोंद मांडली. सिगारेट सोडून किंवा कमी करून व्हेपकडे वळल्यावर त्यांचा दमा सुधारला होता. गट लहान, पण निष्कर्ष खोडून काढण्यासारखा नाही, कारण सिगारेटचा धूर व्हेपहून घातक आहेच. माझ्या भाच्यानं मात्र आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही. त्याच्या बाबतीत तुलना करायची ती स्वच्छ हवेशी.

शेजारी बसणाऱ्यांचंही आहे. फ्लोरिडात ११ ते १७ वयाच्या, दमा असलेल्या ११,८३० मुलांच्या पाहणीत, दुसऱ्याच्या व्हेपच्या धुरात वावरणाऱ्यांना दम्याचा झटका येऊन गेल्याचं प्रमाण जास्त आढळलं. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, पण हॉस्टेलच्या बंद खोलीत चौघे राहतात तेव्हा मला ती आठवते.

भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. म्हणजे भाच्याच्या हातातली कांडी चोरट्या मार्गानं आलेली. आत काय भरलंय ते सांगायला कोणीच बांधील नाही.

मी त्याला रागावलो नाही. श्वास किती जोरात बाहेर फेकता येतो ते मोजणारं, कपाटातलं पीक फ्लो मीटर काढून दिलं. उभं राहायचं, छातीभर श्वास घ्यायचा, मीटरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून एका दमात फुंकायचं. तीनदा, आणि सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा. त्याचा एरवीचा चांगला आकडा ४६०. त्या दिवशी काटा ३४० वर थांबला. एका आकड्यावरून मी व्हेपला दोष देणार नाही, हवाही गारठ्याची होती. पण एरवीच्या चांगल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेलं की डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे वागायचं असतं, आणि हे ७४ होते. आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. व्हेपचं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. नेहमीचा पंप बंद करायचा नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं आणि चिठ्ठीच्या मागे तंबाखूमुक्तीच्या सरकारी मोफत हेल्पलाइनचा क्रमांक लिहून दिला, १८००-११२-३५६. निकोटिनची सवय तिथेही सांगता येते. वही सध्या त्याच्याकडे आहे. रोज सकाळी फोटो काढून आकडा पाठवतो.