रास्टर फिल्टर मेन्यूत विखुरले कसे?

पुण्यात जीआयएस (संगणकावर नकाशे हाताळायचं तंत्र) शिकायला लागलेल्या मुलांना उंचीचा रास्टर, म्हणजे चौकटी-चौकटींत आकडे भरलेला नकाशा, गुळगुळीत करायचा असतो, आणि निम्मा वेळ फिल्टर (शेजारच्या चौकटी बघून प्रत्येक चौकटीचा आकडा बदलणारं टूल) शोधण्यातच जातो. एका सॉफ्टवेअरमध्ये तो 'नेबरहुड'खाली असतो, दुसऱ्यात 'इमेजरी'खाली. मुलांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. त्यांचा काही दोष नाही. ही विभागणी चाळीस वर्षांत साचत आलेली आहे.

अमेरिकी लष्कराच्या इलिनॉयमधल्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत 1982 मध्ये ग्रास हे जीआयएस सॉफ्टवेअर सुरू झालं. तिथे आज्ञेच्या पहिल्या अक्षरावरूनच घराणं कळतं: आर म्हणजे रास्टर, आय म्हणजे उपग्रहप्रतिमा. त्यामुळे शेजारच्या चौकटींची सरासरी काढणारं 'आर.नेबर्स' एका घरात, तर कडा (जिथे आकडे एकदम बदलतात त्या रेषा) शोधणारं 'आय.झेडसी' दुसऱ्या घरात. 1983 मध्ये डेना टॉमलिन यांनी येल विद्यापीठातल्या प्रबंधात नकाशांचं बीजगणित मांडलं. एकाच चौकटीपुरतं गणित वेगळं, शेजार धरून केलेलं वेगळं, ही वर्गवारी तिथूनच रुळली. आर्कजीआयएस या सॉफ्टवेअरमध्ये 'फिल्टर' हे टूल 'नेबरहुड'मध्ये बसलं ते याच विचाराने. पण शेजारच्या चौकटींत बहुमत असलेला आकडा घेणारा 'मेजॉरिटी फिल्टर' मात्र तिथे नाही, तो 'जनरलायझेशन'मध्ये आहे.

हे वरवर विचित्र दिसतं, पण त्यात तथ्य आहे. समजा नऊ चौकटींत उंची 560 ते 563 मीटर आहे आणि मधल्या एकीत चुकून 595 आलंय. सरासरी फिल्टर तिथे 565 च्या आसपास आकडा देतो, म्हणजे चूक थोडी पसरून उरतेच. मध्यक घेतला तर 562 येतो आणि ती निघून जाते. जमीनवापराच्या रास्टरला हे गणित लावलं तर अनर्थ होतो. 1 म्हणजे वस्ती, 2 म्हणजे शेती, 3 म्हणजे पाणी असेल, तर वस्ती आणि पाण्याची सरासरी शेती निघते! तिथे बहुमतच हवं.

आंबिल ओढ्याचं उदाहरण पुणेकरांना सांगायला नको. सप्टेंबर 2019 चा पूर अनेकांच्या डोळ्यांसमोर आहे. 30 मीटरच्या रास्टरवर तीन बाय तीनची खिडकी फिरवली की 90 मीटर रुंद पट्ट्याची सरासरी होते, आणि शहरातला अरुंद ओढा उथळ होतो किंवा दिसेनासाच होतो. पुराचा अभ्यास करणाऱ्याने हाताला लागेल तो फिल्टर वापरून चालत नाही.

जर्मनीतल्या गटिंगन विद्यापीठात घडलेल्या सागा या सॉफ्टवेअरने ग्रिड (म्हणजे रास्टर) फिल्टरांचा एकच संच केला: साधा, गाऊसी, बहुमताचा, उतारावरून झाडं-इमारती गाळणारा, सगळे शेजारी शेजारी. मला हीच रचना सर्वात पटते. 2013 च्या क्यूजीआयएस 2.0 या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसिंगचा टूलबॉक्स आला तेव्हा ग्रास, सागा, जीडीएएल (रास्टर हाताळणाऱ्या टूलांचा संच) असे सगळे एका खिडकीत आले, पण आपापल्या नावाच्या फांदीखाली. टूल कुठून आलं हे त्यातून कळतं, ते कशासाठी आहे हे कळत नाही. जीडीएएलचं 'सिव्ह' छोटे ठिपके शेजारच्या मोठ्या तुकड्यात मिसळवतं. काम फिल्टरचंच, पण नावात 'फिल्टर' नाही आणि ते सापडतं 'रास्टर अ‍ॅनालिसिस'मध्ये.

म्हणून इथल्या वर्गांसाठी टिपण काढणाऱ्याने टूलं कामावरून लावावीत: आकडे गुळगुळीत करणारी, कडा उठवणारी, वर्गांचे ठिपके साफ करणारी. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये ती कुठे दडली आहेत, ते प्रत्येक नावापुढे लिहावं.